बर्फाच्या उजेडात

विमलमावशीवर अन्याय झाला. तीन वर्षांमागच्या नवरात्रात, पाचव्या माळेला, भर दुपारी, सूरतच्या लिंबायतमध्ये भटूअण्णाच्या हॉलात. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटेल एवढं ऊन होतं आणि आत मुद्दाम अंधार केलेला होता. त्या अंधारात सुई चालवता चालवता तिचे डोळे गेले. हे आधी सांगते. मालिकांचं नंतर.

विषय मालिकांचाच आहे. आमच्या छोट्या दिवाळी अंकाचे संपादक परवा म्हणाले, "दर वेळी तुझा मोर्चा, दर वेळी मागण्या. यंदा जरा हलकं लिही बाई. घरी व्हिडिओ भाड्यानं आणून एका बैठकीत बघाव्यात अशा चार-पाच मालिका सांग लोकांना. सणाचे दिवस आहेत." मी हो म्हणाले. मालिका मला आवडतात आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण कागद पुढे ओढला तेव्हा माझ्या आवडीची एकही मालिका आठवेना. भटूअण्णाच्या हॉलातल्या बायकांच्या आवडी तेवढ्या आठवत राहिल्या. आणि त्या आवडी कशावरून ठरायच्या ते आठवलं, तसा हात थांबला.

सीझन परत सुरू झालाय. आमच्याकडं ऋतू तीन नाहीत, दोन आहेत. सीझन आणि मंदी. श्रावणात कानबाईचे रोट झाले, गणपती तापीत गेले, की साड्यांचे टेम्पो गल्लीत शिरतात आणि मग दिवाळीपर्यंत घराघरात टिकी असते. टिकी म्हणजे साडीवर सुईनं टाकायची ती चमकती गोल टिकली. ती वरणात सापडते. पोरांच्या केसांत, भाकरीच्या पिठात, न्हाणीच्या मोरीत, सगळीकडं. सकाळी गल्ली झाडली की धूळसुद्धा चमकते. पाहुणे आले तर म्हणतात, काय सुंदर! आम्ही झाडू पुढं ढकलतो. परवा सकाळी झाडूपुढं तशीच चमक सरकताना बघितली आणि मला विमलमावशीची सुई आठवली.

भटूअण्णा पारोळ्याकडचा. आमच्यातलाच माणूस. पंधरा वर्षं मागावर उभा राहिला, कान अर्धे गेले, मग माग सोडून साड्यांचा ठेका धरला. व्यापाऱ्याकडून गठ्ठे आणायचे, बायकांकडून टिकी टाकून घ्यायची, परत पोचवायचे. आधी बायका आपापल्या घरी, उंबऱ्यात, उजेडाला बसून काम करायच्या. मग अण्णानं रंगीत टीव्ही घेतला. मग म्हणाला, "घरी एकट्या कशाला बसता? माझ्या हॉलात या. साड्या इथंच ठेवा, चहा मी देतो, व्हिडिओ मी आणतो. अख्खी मालिका लावतो, एका दमात. आठवड्याला एक भाग, एक भाग करत कोण मरतं?"

कोण नाही म्हणेल? मीही नाही म्हटलं नसतं. घरात होतं काय? नवरा रातपाळी करून झोपलेला, त्याची झोप मोडू नये म्हणून दिवसभर कुजबुज. अण्णाच्या हॉलात बायका होत्या, हसणं होतं, गोष्ट होती. आणि गोष्ट अर्धी टाकून उठवत नाही, हे अण्णाला बायकांच्या आधी कळलं. घरी असली तर बाई चार वेळा उठते, दळण टाकते, पाणी भरते, पाठ टेकते. इथं एक कॅसेट संपली की दुसरी. "पुढं काय व्हतं एवढं बघून उठते" म्हणता म्हणता तिन्हीसांज.

तो हॉल माझ्या अंगात अजून आहे. खालच्या मजल्यावर माग, वर हॉल. जमीन सारखी थरथरायची. पाण्याचा पेला ठेवला तर पाण्यावर गोल गोल रेघा उठायच्या. त्या थरथरीत सुई टिकीच्या भोकातून काढायची. टीव्हीचा आवाज शेवटपर्यंत वाढवलेला, कारण मागांची खटखट. चहा, घाम, नव्या साडीच्या खळीचा तो आंबूस वास. आणि खिडक्यांना गोणपाट ठोकलेलं.

हो, गोणपाट. टीव्हीच्या काचेवर ऊन पडलं की चित्र दिसत नाही म्हणून. ट्यूबलाइट होती, पण ती टीव्हीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर. लावली की तिची पांढरी पट्टी काचेवर उमटायची. अण्णाची म्हातारी आई खाटेवरून ओरडायची, "बत्ती बंद कर व, माले हिरोनं तोंड दिखत नही!" मग बत्ती बंद. खाटेवर अण्णाचं घरदार बसायचं, ते मालिका बघायचं. खाली बायका बसायच्या, त्या मालिका ऐकायच्या. बघायला मान वर केली तर साडीवरच्या छाप्याचा ठिपका हरवतो. साडीवर आधी पांढऱ्या ठिपक्यांचा छापा मारलेला असतो, त्या ठिपक्यावरच टिकी पडायला हवी. गडद साडीवरचा तो फिका ठिपका शोधायला उजेड लागतो. आणि हॉलात उजेड एकच, टीव्हीच्या काचेचा.

आता सांगते हॉलातल्या बायका मालिका कशा निवडायच्या.

"ती हवेलीवाली नको अण्णा, तिच्यात सगळे रातचेच फिरतात," कमलमावशी म्हणायची. कमल म्हणजे विमलची धाकटी बहीण. दोघी सख्ख्या बहिणी, एकाच घरात दिलेल्या, म्हणून सख्ख्या जावाही.

"मग भुताची आणू?" अण्णा.

"भूत राहू दे. त्याले बल्ब परवडत नही."

"कोर्टाची लाव. कोर्टमा खिडक्या मोठ्या ऱ्हातस."

"आणि वकील? काळे कोट! दोन वकील समोर आले का माझी सुई बंद."

"मग देवाची आणतो. देवाच्या मागं ते चक्र फिरतं, झकास उजेड पडतो."

"देवाची लावशीन तर सरू हात जोडी बठी. टिकी काय देव टाकी का?" हे विमलमावशीचं, शेजारी बसलेल्या सरूला चिमटा काढत. आणि सगळा हॉल हसायचा, खाटेवरची म्हातारीसुद्धा.

मी हे विनोद तेव्हा ऐकले आणि हसले. आज लिहिताना हसू येत नाही. तुम्ही मालिका कथेसाठी निवडता, नटीसाठी निवडता, साड्यांसाठी निवडता. या बायका मालिकेत ऊन किती आहे ते बघायच्या. गोणपाटाच्या पलीकडं सूरतचं ऊन फुकट सांडत होतं आणि अलीकडं बाया पडद्यातल्या उन्हाची वाट बघत होत्या.

मग अण्णाला ती बर्फवाली सापडली.

पहाडातलं एक गाव, तिथल्या तारघरात काम करणारी एक बाई. तिची लहान मुलगी जत्रेत हरवलेली. बाई वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या तारा घेते, दुसऱ्यांच्या तारा पाठवते, आपल्या मुलीची तार काही येत नाही. गोष्ट साधी होती, पण जवळजवळ प्रत्येक भागात बर्फ. झाडांवर बर्फ, छपरांवर बर्फ, रस्तेच्या रस्ते पांढरे. पहिल्यांदा तो पांढरा रस्ता पडद्यावर आला आणि अख्खा हॉल उजळला. पुढच्या रांगेतल्या बायकांच्या बांगड्यासुद्धा दिसायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "व माय, दिवाळी!" त्या दिवशी एकही साडी उसवायला परत आली नाही. अण्णानं ती मालिका पुन्हा आणली. मग पुन्हा. सीझनभर तीच. बायकांना संवाद पाठ झाले. तारेच्या यंत्राची टकटक सुरू झाली की तिच्या तालावर सुया चालायच्या. पण मुलगी दिसायला कशी आहे असं विचारलं असतं, तर निम्म्या बायकांना सांगता आलं नसतं.

त्या हॉलात जागांनाही मान होता. पुढची रांग टीव्हीला चिकटून, तिथं उजेड जास्त. ज्या बाईचा हात सगळ्यात जलद तिला पुढची मधली जागा. ती जागा विमलमावशीची. कुणी चुकून तिथं बसलं तर ती नुसती उभी राहायची, कमरेवर हात ठेवून, आणि म्हणायची, "उठस का बठू वर?" बसलेली बाई हसत हसत सरकायची. जागा म्हणजे तिचं नाव होतं तिथं. टीव्हीच्या इतक्या जवळ, अंधारात, उघड्या डोळ्यांवर ती लुकलुक घेत, मान खाली घालून दिवस दिवस. तिला तो मान वाटायचा. बाकीच्यांना हेवा. मी म्हणते, एवढी वाईट गोष्ट एवढ्या कौतुकानं कुणी कुणाला दिली नसेल.

तिचं डोकं भाद्रपदापासूनच दुखत होतं. एक डोळा आणि त्याच्यावरची कवटी. बाम लावायची, फडकं बांधायची, कामाला बसायची. एकदा माझ्यासोबत जिना उतरताना रस्त्यावरच्या दिव्याकडं बघून म्हणाली, "देख व, दिव्याभोवती इंद्रधनुष्य. कसं भारी दिखस." मला दिव्याभोवती काहीच दिसत नव्हतं. मी म्हटलं, मावशी, डोळे दाखवून ये. ती म्हणाली, "सीझनमा? तू येडी का काय? मन्हा हातले येगळा डोया शे." हाताला वेगळे डोळे आहेत म्हणे.

मी तेव्हा एका लहानशा कामगार मंडळात नवीन होते. आम्ही पत्रकं काढायचो, हातानं फिरवायच्या यंत्रावर, बोटं शाईनं काळी करून. मी एक पत्रक हॉलाबद्दल काढलं. दोनच मागण्या होत्या. गोणपाट काढा. ट्यूब समोरच्या भिंतीवरून काढून टीव्हीच्या वरच्या भिंतीवर लावा, म्हणजे काचेवर तिची पट्टी पडणार नाही आणि म्हातारीलाही हिरोचं तोंड दिसेल. वायरमनचं अर्ध्या दुपारचं काम. मी क्रांती मागत नव्हते, एक ट्यूब हलवायला सांगत होते.

अण्णानं पत्रक हॉलात मोठ्यानं वाचून दाखवलं. भाषणबाजीचा आवाज काढून. "बहिणींनो! अंधारातून उजेडाकडे!" मग माझ्याकडं बघून म्हणाला, "पत्रकवाली, खरं सांग. मी कुणाले बांधीसन ठेवलंय का? टीव्ही मन्हा, व्हिडिओ मन्हा, चहा मन्हा. ज्याला उजेड पाहिजे त्यानं घरी जावं. आहे का कुणी?"

कुणी उठलं नाही. आणि विमलमावशी म्हणाली, तीच, "सीझन होऊ दे व पोरी. भिंत फोडशीन, ठोकशीन, दोन दिवस काम बंद. आणि आत्ता तारवालीची पोर गावात ऊनी शे, आली एकदाची. बठ, चहा पी." बायका हसल्या. मी चहा प्यायले. तो चहा किती गोड होता तेही आठवतं. अण्णा राक्षस नव्हता हो. राक्षस असता तर लढायला सोपं गेलं असतं. त्यानं मला जाताना दाराशी थांबवून सांगितलं, "दिवाळीनंतर बघू ट्यूबचं. शब्द." हे त्याला मनापासून वाटत असणार.

पाचवी माळ. मी पुन्हा गेले होते, सह्या तरी घ्याव्यात म्हणून. मालिकेचा शेवटचा भाग लागला होता. शेवटी तारवाली मुलीच्या मागं धावत जाते, भर बर्फात, आणि दोघी एकमेकींना ओळखतात. ज्यानं कुणी ते चित्रित केलंय त्यानं फार सुंदर केलंय, हे मला मान्य करावं लागतं. तिथं संगीत थांबतं. शब्द नाही, हाक नाही. दोघी नुसत्या बघतात. पडदा पांढराशुभ्र. आणि पडदा सगळ्यात पांढरा म्हणून खाली सुया सगळ्यात जलद. खाटेवर म्हातारी डोळे पुसत होती. खाली एकीचीही मान वर नव्हती. ज्या घटकेसाठी सीझनभर ऐकलं, तिच्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं.

मग कॅसेट संपली. पडदा काळा झाला. बायकांनी माना वर केल्या, बोटं मोडली, कुणी जांभई दिली. अण्णा दुसरी कॅसेट शोधत होता. हॉलात गुडुप अंधार. विमलमावशी तोंड टीव्हीकडं करून तशीच बसली होती, हातात सुई.

"काबरं कोनी बोलत नही?" ती म्हणाली. "भेटनी का तिले पोर?"

"भेटनी, भेटनी," कमलमावशी म्हणाली. "संपली ना."

"संपली कशी? अजून बरफच पडी ऱ्हायना ना."

कमलला वाटलं थट्टा. दोघी-तिघी हसल्यासुद्धा. विमलमावशी थट्टेखोरच होती. मी उठून खिडकीचं गोणपाट ओढलं. ते अर्धं फाटून हातात आलं. ऊन सरळ तिच्या तोंडावर पडलं. तिनं डोळे मिटले नाहीत. तिच्या मांडीवरच्या साडीवर ठिपके एकीकडं होते, टिक्या दुसरीकडं. आणि ती मला विचारत होती, "कोन शे व? आते काय लावलं?"

काचबिंदू, असं दवाखान्यात सांगितलं. डोळ्यांत ताण वाढतो, आतली नस मरते, मेलेली परत येत नाही. टीव्हीनं डोळे गेले असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत आणि मी खोटं लिहिणार नाही. हे दुखणं तिच्या डोळ्यांत होतंच. पण त्या म्हणाल्या की अशा डोळ्यांना अंधार वाईट, अंधारात वाकून केलेलं बारीक काम त्याहून वाईट. आणि म्हणाल्या, एक डोळा आधीच गेलेला असणार, तेव्हाच यायला हवं होतं, तुम्हाला कळलं कसं नाही? कमलमावशी म्हणाली, "बाई, तिथं आम्हाला कोनालेच दिखत नव्हतं."

हे वाक्य मी तेव्हापासून गिळू शकलेले नाही. भर उजेडात एका बाईला कमी दिसायला लागलं, तर दिवसभरात कुणाच्या तरी लक्षात येतं. तिच्या स्वतःच्या येतं. इथं सगळ्यांनाच कमी दिसत होतं. सगळ्यांच्याच टिक्या हुकत होत्या, सगळ्याच उसवत होत्या. तिला वाटलं, हॉलच अंधारा आहे. तिच्या डोळ्यांत रात्र पडत होती आणि ती पुढची जागा सांभाळत होती.

आज विमलमावशी घरी असते. तिचा नवरा मागावर बहिरा झालाय. संध्याकाळी दोघं टीव्ही लावतात. पडद्यावर काय दिसतं ते तो सांगतो, काय बोलतात ते ती त्याच्या कानात ओरडते. तो सांगतो, "लाल साडीवाली रडी ऱ्हायनी." ती ओरडते, "रडत नही, खोटं बोली ऱ्हायनी!" दोघं भांडतात. शेजारपाजारचे कौतुकानं बघतात, किती गोड जोडी म्हणतात. एका मासिकवाल्याला फोटो हवा होता. मी त्याला हाकलला. दोन माणसांतून कारखान्यांनी एक माणूस शिल्लक ठेवला, यात गोड काय आहे?

अण्णानं ट्यूब हलवली नाही. त्या दिवाळीत सगळ्यांना वाईट वाटलं, मग मंदी आली, मंदीत अंधाराचं कुणाला पडलेलं नसतं. फाटलेलं गोणपाट त्यानं शिवून पुन्हा ठोकलं. यंदा नवा टीव्ही आहे, मोठ्या काचेचा. नवी मालिका आहे, समुद्रकाठची, म्हणे वाळू फार पांढरी. बमरोलीतसुद्धा असे दोन हॉल झालेत, पांडेसऱ्यात रंगाच्या कारखान्यांमागं एक. आणि पुढच्या रांगेतली मधली जागा कमलमावशीकडं आलीय.

मी तिला भेटले. कपाळावर फडकं. म्हटलं, मावशी, हे कधीपासून? "काही नही व, उन्हाचं." तू उन्हात असतेस कधी? तिनं फडक्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, "पुढं बसलं का थोडं दुखस. बाम लावला का उतरस." आणि हसून म्हणाली, "रस्त्यावरला दिवा तेवढा मस्त दिखस आजकाल. कडं पडतं त्याले." रक्त एक आहे दोघींचं. तिला माहीत आहे ते कडं कशाचं. तिनंच बहिणीला हात धरून जिन्यावरून उतरवलं होतं. तरी म्हणते, सीझन होऊ दे.

घरी विमलमावशी माझा हात शोधते, धरते, सोडत नाही. "माले दिखत नही, पण ती आत आली का बामचा वास येस. सकाळी येस, संध्याकाळी येस. तू पत्रकवाली ना? काढ ना एखादं. तिले कोन सांगी? मी सांगते तर म्हणते, तू तं आंधळी, तुले काय कळस." आणि ती रडते. डोळे कामाचे उरले नाहीत, रडायला तेवढे चालतात.

मी पत्रक काढलं, दोनदा. अण्णाकडं गेले. त्यानं चहा दिला. म्हणाला, दिवाळीनंतर. मला रात्री झोप येत नाही. एका बाईचे डोळे माझ्यासमोर जाताहेत, मला तारीख ठाऊक नाही पण रस्ता ठाऊक आहे, आणि माझ्याकडं कागदापलीकडं काही नाही.

म्हणून हा कागद. संपादक, माफ करा, मालिकांची यादी मिळणार नाही. वाचणाऱ्या बाई, वाचणारे दादा, तुम्ही लिंबायतचे असाल, बमरोलीचे असाल, नाहीतर दूर कुठं असाल आणि तुमच्या कपाटात आमच्याकडची चमकती साडी असेल, मला तुमची हळहळ नको. भटूअण्णाचा हॉल शोधायला कुणाला विचारावं लागत नाही. मागांच्या आवाजात जिथून टीव्हीतल्या रडण्याचा आवाज येतो, तिथं वर चढा. तुमच्या गल्लीतही एखादा असेल. दिवाळीनंतर नाही. उद्या दुपारी. गोणपाट ओढून काढा आणि पुढच्या रांगेत कपाळाला फडकं बांधलेली जी बाई असेल तिच्या हातातली सुई घ्या, तिला उठवा, डोळ्याच्या डॉक्टरकडं घेऊन जा. ती चिडेल. म्हणेल, एवढा भाग होऊ दे. होऊ देऊ नका.